चेरीच्या फळीवरचा गणपती

अबुधाबीत सप्टेंबर आला हे मला कॅलेंडर सांगत नाही, माझा चष्मा सांगतो. इमारतीचं काचेचं दार ढकलून बाहेर पाऊल टाकलं की काचांवर एकदम वाफ धरते आणि गाडीपर्यंत चाचपडत जावं लागतं. घरातल्या खिडक्या बाहेरून घामेजलेल्या असतात. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस या हवेबद्दल तक्रार करतो, आणि पुढचा माणूस ‘खलास, आता महिन्याभरात थंडी, इन्शाल्ला’ म्हणून त्याची समजूत घालतो. मीही पूर्वी तक्रार करणाऱ्यांतलीच होते. आता या चिकट हवेत मला ओल्या कागदाचा आणि भाताच्या खळीचा वास येतो. गेल्या आठवड्यात चष्मा पुसत गाडीपाशी उभी होते तेव्हाही तो आला, आणि ऑफिसला निघालेली मी मनाने परत वर, हारुको-सानच्या दिवाणखान्यात जाऊन बसले.

हारुको-सान आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचा नवरा तेल कंपनीत आहे, माझा नवरा मंदारही तेल कंपनीत, पण कंपन्या वेगळ्या असल्यामुळे आमची मैत्री टिकून आहे. त्या दर शनिवारी सकाळी घरीच जपानी पद्धतीची लाकडी ठशांची चित्रं शिकवायच्या. दिवसभर हॉस्पिटलचे इन्शुरन्स क्लेम तपासून माझी बोटं कीबोर्डपलीकडे काही विसरत चालली होती, म्हणून मी नाव घातलं. सासूबाईंना मात्र मी फसवून नेलं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, रोज थोडं चाला असं सांगितलं होतं, आणि त्या सोफ्यावरून उठायला तयार नव्हत्या. वरच्या मजल्यापर्यंत जाऊन येऊ, चहा घेऊ, एवढंच मी म्हणाले. चहा मिळाला, पण हिरवा आणि बिनसाखरेचा. आईंनी तो औषधासारखा संपवला आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढे महिनाभर मी त्यांच्यासाठी पर्समध्ये साखर घेऊन जात होते.

जपानी चित्र म्हणजे माझ्या डोक्यात ती एकच मोठी निळी लाट होती, कॉफीच्या मगवर आणि मोबाइलच्या कव्हरवर असते ती. असं काही कुणा एका थोर चित्रकाराने राजवाड्यात बसून रंगवलं असणार, अशी माझी समजूत. हारुको-सान आजोबांकडून आलेली एक चपटी पेटी उघडायच्या आणि एकेक चित्र हातात द्यायच्या. त्यांनी सांगितलं ते ऐकून माझा राजवाडा कोसळला. ही चित्रं जुन्या काळी रस्त्यावरच्या दुकानांत विकायची, वाटीभर शेवयांच्या किमतीत. नटांची, पैलवानांची, देखण्या बायकांची, प्रवासाच्या वाटांवरच्या मुक्कामांची. लोक ती भिंतीला चिकटवायचे, धुराने काळी पडली की नवी आणायचे. हौस फिटली की रद्दीत द्यायचे.

“म्हणजे आपली कॅलेंडरं,” आई म्हणाल्या. मी ते इंग्रजीत सांगितलं. हारुको-सान हसल्या आणि त्यांनी मान डोलावली.

चित्रकार फक्त रेषांचा कागद काढायचा. पुढे तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून कोरणारा वेगळा, प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी करायची तीही त्यानेच, आणि छापणारा आणखी वेगळा. जगाला नाव ठाऊक झालं ते चित्रकाराचं. रंगांच्या फळ्या एकमेकींवर नेमक्या बसाव्यात म्हणून प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक खाच असते. कागदाचा कोपरा तिथे टेकवला की डोंगराचा निळा डोंगरातच पडतो, शेजारच्या बाईच्या केसांत जात नाही. तो निळाही मुळात परदेशी, बोटीतून आलेला. आकाश वर गडद आणि खाली येता येता फिकं होत नाहीसं व्हावं, यासाठी छापणारा ओल्या फळीवरचा रंग दर वेळी हाताने पुसून घ्यायचा. तसं आकाश मी इथल्या समुद्रकाठी, कॉर्निशवर, संध्याकाळी कितीदा पाहिलं होतं, पण नीट पाहायला त्या पेटीनंतरच लागले.

एका चित्रात पुलावरून माणसं पळत होती आणि सगळ्या चित्रभर पाऊस होता. केसासारख्या बारीक, सरळ रेघा. आईंनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं. मग बोट न लावता म्हणाल्या, “ही रेघ काढलेली नाही गं. ठेवलेली आहे. बाजूचं सगळं काढून टाकलंय.” पावसाची एकेक रेघ उभी ठेवण्यासाठी कुणीतरी तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड उकरत बसला होता, आणि त्याचा हात एकदाही चुकला नव्हता. त्या दिवसापासून आईंनी लिफ्टमध्ये कुरकुर करणं थांबवलं.

हारुको-सानच्या भिंतीवर एक लांब गुंडाळीचं चित्रही असायचं, ठशाचं नव्हे, शाईने हाताने काढलेलं. एका कोपऱ्यात बगळा आणि बाकी नुसता कागद. माझी लेक इरा तेव्हा लहान होती, ती म्हणाली, “आजी, ही डिडन्ट फिनिश इट.” आईंनाही ते पटलं होतं. पण पुढच्या शनिवारी बगळा तिथे नव्हता, त्याच्या जागी गवताची पाती आणि चंद्र आला होता. ऋतू बदलला की चित्र बदलायचं, जुनं गुंडाळून पेटीत ठेवायचं, ते थेट पुढच्या वर्षी काढायचं. आईंना हे फार आवडलं. रोज डोळ्यांसमोर असलं की दिसेनासं होतं, देवाचंही तसंच, असं काहीसं त्या खाली येताना म्हणाल्या.

आणि मग बोटांवर दिवस मोजायला लागल्या, कारण गणपती दीड महिन्यावर आले होते.

आमच्या सासरी मूर्ती नसते. कागदाचा गणपती असतो. हे घराणं मूळचं गोव्याकडचं, नंतर सावंतवाडीकडे आलेलं. परक्यांच्या राज्यात घरात मूर्ती ठेवणं जिवावरचं होतं, तेव्हा पूर्वजांनी देव कागदावर काढला, वेळ आली की घडी घालून तांदळाच्या डब्यात लपवता यावा म्हणून, असं घरात सांगतात. ते राज्य गेलं, कागद राहिला. नियम एकच, तो घरच्या हाताने काढलेला हवा. माझे सासरे, अण्णा, दर वर्षी काजळाने आणि गेरूने तो काढायचे. विसर्जनाला कागद पाण्यात जायचा, त्यामुळे त्यांनी काढलेल्या गणपतींपैकी एकही शिल्लक नाही. आम्ही फोटोही घेत नसू, अण्णांना आवडायचं नाही.

त्या वर्षी अण्णा जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. गावचं घर बंद होतं, आईंना गुडघ्यामुळे प्रवास नको म्हणून सांगितलेलं, आणि गणपती पहिल्यांदाच इथे, आमच्या फ्लॅटमध्ये बसणार होता. बसणार म्हणजे काय, हाच प्रश्न होता. मंदारला चित्रकलेत कायम काठावर पास केलेलं. माझा उंदीर इराला बटाटा वाटतो. आईंनी आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता. त्यांचं काम अण्णांच्या समोर बसून समई धरायचं आणि करवंटीतला गेरू ढवळायचं. मंदारने आपल्या परीने तोडगा काढला. तो म्हणाला, इंटरनेटवर चांगला गणपती शोधू, जाड कागदावर कलर प्रिंट काढू, नाहीतर यल्ला, सरळ दुबईला जाऊन मूर्ती आणू.

आई जेवता जेवता थांबल्या. “आण ना,” त्या म्हणाल्या. “मूर्ती देवाचीच असते. पण मग आमचा संपला म्हणायचं.”

त्या ‘आमचा’मध्ये अण्णा होते, हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं. मला रडू येत होतं आणि मी उगाच ताक वाढायला उठले. शनिवारी मी वर गेल्यावर हारुको-सानना हे सगळं सांगितलं. त्यांनी आतून एक फळी आणली, चेरीची, स्वतःसाठी जपून ठेवलेली, आणि ती दोन्ही हातांनी आईंच्या पुढे धरली. त्या आईंना ‘आई-सान’ म्हणायच्या. आई त्यांना हारुकोताई म्हणायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यावाचून दोघींचं काही अडत नव्हतं.

आईंनी आधी कागदावर काढून बघितलं. ब्रश नको म्हणाल्या, साधी पेन्सिल घेतली. पहिल्या दिवशी बशीएवढं पोट आणि त्यावर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्यांदा त्यांनी पोट सोडून दिलं आणि डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, “अण्णा सोंडेपासून सुरुवात करायचे,” आणि एका दमात वरून खाली रेघ ओढली. ती हलली होती, जाड-बारीक झाली होती, पण वळली मात्र अशी की मंदार हातातला फोन खाली ठेवून जवळ आला. अण्णांची रेघ नव्हती ती. पण अण्णांच्या समोर जन्मभर बसलेल्या माणसाची होती.

आता तो कागद फळीवर पालथा चिकटवायचा होता. इथे गाडं अडलं. हारुको-सानने कागदाला खळ लावायला घेतली आणि आईंनी त्यांचा हात धरला. देवाला पालथं घालायचं, तोंडावर पाडायचं आणि पाठीवरून घासायचं? होणार नाही. मी समजावलं, इराने समजावलं, हारुको-सानने आरशाची खूण करून दाखवलं की सरळ चिकटवला तर छापताना सगळं उलटं येईल. आईंनी विचार केला. मग म्हणाल्या, येईना का, डाव्या हातातला मोदक उजव्या हातात जाईल, उलट बरंच दिसेल. आम्हा सगळ्यांना ते बरोबर वाटलं. तेव्हा कागद उताणा चिकटला, आणि खाली ‘श्री’ मात्र मी मोठ्या हुशारीने उलटा काढून दिला.

मग कोरणं. आमचा तो सगळा महिना लाकडाच्या बारीक कपच्यांत गेला. आईंचा गुडघा दुमडत नव्हता म्हणून फळी जेवणाच्या टेबलावर, आणि आम्ही सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. त्या ठेवायच्या रेघेच्या बाजूने चाकू ओढायच्या, मग छिन्नीने बाजूचं काढायच्या. व्यायाम करा म्हणून मला सांगावं लागेनासं झालं, त्या आपणहून टेबलाभोवती फिरून सगळीकडून बघायच्या. मोबाइलवर मैत्रिणींना सांगायच्या, “अगं, मला वेळच नसतो इथे.” एका कानाची टोकं उडाली. आई हळहळल्या, हारुको-सानने वाकून तो कान बघितला आणि दुसऱ्या कानाची टोकंही तशीच करून दाखवली. आता तो मुद्दाम केल्यासारखा दिसायला लागला.

छापायचा मुहूर्त हरतालिकेच्या दुपारचा निघाला. हारुको-सान सामान घेऊन खाली आल्या आणि आल्या आल्या त्यांनी एसी बंद केला. कागद ओलसर राहायला हवा, एसीत तो सुकतो आणि आक्रसतो. या गावात छापायला उत्तम महिना सप्टेंबरच, असं म्हणून त्यांनी खिडकीही उघडली. बाहेरची सगळी वाफ आत आली. मंदारचा शर्ट पाठीला चिकटला, माझा चष्मा निकामी झाला. भाताच्या खळीत शाई मिसळून ती ब्रशने फळीवर चोळली, कोपऱ्यातल्या खाचेत टेकवून कागद अलगद सोडला, आणि आईंच्या हातात बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती दिली. तेव्हा मी विचारलं, आता नाही का हा पालथा? आई म्हणाल्या, कागद कोराच आहे, अजून आला कुठेय तो. मग त्यांनी भाकरी थापताना फिरतो तसा हात फिरवायला सुरुवात केली, मधून कडेकडे, जोर देत, घाई न करता. कागदाच्या पाठीवर हळूहळू आतली आकृती उमटत गेली.

हारुको-सानने दोन कोपरे धरून कागद उचलला. काळाभोर, टवटवीत, अजून ओला गणपती. ‘श्री’ अगदी सुलटा. इरा टाळ्या वाजवत होती, मंदार म्हणत होता की फ्रेम करू. आईंनी मात्र कागद उजेडाकडे धरला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “सोंड बघा.”

सोंड उजवीकडे होती.

हाताचा विचार आम्ही केला होता, अक्षरांचा केला होता. सोंडेचा कुणालाच सुचला नव्हता, ज्या घरात प्रत्येकाला गणपतीची सोंड कुठे असते हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळं वेगळं, नेम वेगळे, आणि आमच्या फ्रीजमध्ये अंडी. अण्णांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या डाव्या सोंडेचाच बसलेला. हारुको-सानना मी घाबरत घाबरत समजावलं. त्यांचा चेहरा इतका पडला की त्यांचीच समजूत घालावी लागली. समुद्र, डोंगर, बगळे उलटे आले तर कुणाचं काही बिघडत नाही, त्यांना तरी कसं कळावं. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. नवीन फळी कोरायला वेळ नव्हता. मंदारने हळूच गाडीची किल्ली उचलली, मूर्तीची दुकानं अजून उघडी असतील म्हणाला.

आई टेबलापाशी बसल्या. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि फळीवरची शाई पुसायला लागल्या. बाहेरची शाई निघाली, रेघांत मुरलेली राहिली. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. फळी त्यांनी उभी केली, टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला टेकवली आणि थोडं मागे सरकून बघितलं.

“मंदार, किल्ली ठेव,” त्या म्हणाल्या. “हा बघ बसलाय.”

लाकडावरची सोंड डावीकडे होती. अर्थात असणारच, त्यांनी काढली होती तशीच. महिनाभर आमच्या टेबलावर तोच होता, आम्ही त्याला ठसा समजत होतो. मी उगाच शंका काढली, आपला तर कागदाचा असतो ना? कागद काय आभाळातून पडतो, आई म्हणाल्या. तोही झाडाचाच, हाही झाडाचाच. आणि पालथा घातला नाही म्हणूनच तर सरळ राहिला, हे त्या पुढे इतक्या वेळा म्हणाल्या की चूक आमची होती की बेत त्यांचा, हे मला आता नक्की सांगता येणार नाही.

मग चौरंगावर चेरीची फळी बसली. वर टांगलेल्या लाकडी चौकटीत, माटवीत, गावी रानातली फळं असतात, इथे सुपरमार्केटमधली सफरचंदं होती आणि ओल्या खजुराचे घोस होते. खाली ‘श्री’ उलटा होता, तो झाकायला मी पुढे दूर्वांची जुडी ठेवली. उजव्या सोंडेचा कागद आईंनी हारुको-सानना दिला. त्यांनी विचारलं, नियम कडक असतील तर मला जमेल का? आईंनी मला सांगायला सांगितलं की तुमच्या घरात चपलासुद्धा ओळीत असतात, तो तिथेच सुखी राहील. आजही तो वर आहे. वर्षभर गुंडाळून पेटीत असतो, आणि सप्टेंबरात चंद्राच्या चित्राच्या जागी काही दिवस भिंतीवर येतो.

विसर्जनाच्या दिवशी पुन्हा पेच. इथे आपलं विसर्जन घरातच, बादलीत. लाकूड बादलीत तरंगत बसणार. तेव्हा हारुको-सानने सांगितलं की जुन्या काळी फळी वाया जात नसे. चित्राची मागणी संपली की वरचा थर रंध्याने काढायचे आणि त्याच लाकडावर नवं चित्र कोरायचे. कितीतरी गाजलेल्या चित्रांच्या फळ्या म्हणूनच आज नाहीत. त्यांनी त्यांचा रंधा आणला. मंदारने तो आपल्या सुतारांसारखा पुढे ढकलायला घेतला, तर हारुको-सानने त्याचे हात धरून फिरवले. जपानी रंधा ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढतात.

आई खुर्चीवर बसल्या, रंध्यावर दोन्ही हात ठेवले आणि आरती संपल्यावर ओढला. लाकडाची पातळ साल गुंडाळी होत त्यांच्या मांडीवर येऊन पडली. त्यावर कानाची काळी रेघ होती. “आतापर्यंत नेहमी लांब सोडला,” त्या म्हणाल्या. “हा जवळ येतोय.” आणि मग त्या रडल्या, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा, मोकळेपणी, आणि रडता रडता रंधा ओढत राहिल्या. आम्ही कुणी थांबवलं नाही. सगळ्या साली पाण्याच्या बादलीत गेल्या आणि ते पाणी बाल्कनीतल्या तुळशीला.

तेव्हापासून दर सप्टेंबरला आमच्याकडे हेच. फळी पातळ होत चाललीय. आईंचा गुडघा छान आहे, डोळे मात्र मंदावलेत. इरा माझ्या खांद्याच्या वर गेलीय, अजूनही इंग्रजीतच उत्तरं देते, पण फळीवरचा ‘श्री’ आता तीच काढते, पहिल्या वर्षीसारखा उलटाच. हारुको-सान अजून वर आहेत. त्यांच्या नवऱ्याची बदली होणार, होणार म्हणतात, पण होत नाही.

परवा शनिवारी आईंनी फळी बाहेर काढून टेबलावर ठेवली. मी टेबल पुसून, त्यांच्यासाठी खुर्ची ओढून पेन्सिलीला टोक करून दिलं. त्या नेहमीच्या जागी बसल्याच नाहीत. फेरी मारून समोरच्या बाजूला गेल्या, तिथली खुर्ची ओढली आणि टेबललॅम्प फळीवर वळवला.

“तू काढ,” त्या म्हणाल्या. “मी उजेड धरते.”

माझा उंदीर बटाट्यासारखा दिसतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. उंदीर शेवटी असतो, म्हणाल्या. मी फळीवरून हात फिरवला. रंध्याने सगळं सपाट केलं होतं, फक्त मधोमध, जिथे दर वर्षी चाकू सगळ्यात खोल जातो, तिथे बोटाला एक वळण लागलं. मी आईंकडे पाहिलं. त्यांना ते ठाऊक होतं. मी पेन्सिल त्या वळणावर टेकवली आणि सोंडेपासून सुरुवात केली.